पोटाची चरबी, रक्तातले हार्मोन आणि छातीतली धडधड

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की चरबी म्हणजे नुसतं कोठार नाही, ती ग्रंथीसारखी रक्तात हार्मोन सोडते आणि त्यातले काही हृदयाच्या ठोक्यांशीही जोडलेले दिसतात. झालं! त्या एका वाक्यावर एवढी पत्रं, ईमेल आणि रिपोर्टचे फोटो आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. गुडघेवाल्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न जपून ठेवलेत. नेहमीसारखी नावं छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न (सातारा): माझे वडील ७१ वर्षांचे. मे महिन्यात चालताना धाप लागली म्हणून नेलं तर ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. बीपी १५ वर्षांपासून आहे. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. भावाने पुण्याला त्यांचं एक मोठं हार्ट पॅकेज करून घेतलं, त्यात अ‍ॅडिपोनेक्टिन नावाची टेस्ट होती, ती नॉर्मलच्या वर आली. खाली छापलंय की हे हार्मोन हृदयाचं रक्षण करतं. आता भाऊ म्हणतो बाबांचं हृदय ठणठणीत आहे, गोळी बंद करा, उगाच कुठेतरी रक्त वाहायला लागायचं. बाबा मुळात बारीक, वर्षभरात अजून उतरलेत. काय करू?

उत्तर: ताई, आधी गोळीचं बोलू, बाकी सगळं नंतर. गोळी बंद करायची नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे थोडक्यात एएफमध्ये, हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पॅरालिसिस. एएफ असलेल्या माणसाला हा धोका साधारण ५ पट. गोळी द्यायची का हे ठरवताना डॉक्टर वय, बीपी, शुगर, आधी पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय का, हार्ट फेल्युअर आहे का असं बघून मार्क मांडतात, बाबांचे वयाचा १ आणि बीपीचा १ असे २ मार्क तर इथेच झाले. त्या यादीत अ‍ॅडिपोनेक्टिन नाहीच. ते कितीही आलं तरी एक मार्क इकडचा तिकडे होत नाही. भावाची रक्तस्रावाची भीती खोटी नाही, पण ती डॉक्टरांसमोर बोलून दाखवायची, म्हणजे ते किडनीचा रिपोर्ट बघून डोस तपासतील, पूर्वी अल्सर होता का विचारतील, बाबा अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेतात का तेही विचारतील (घेत असतील, आमच्या पिढीतले सगळेच घेतात).

आता तो रिपोर्ट. अ‍ॅडिपोनेक्टिन चरबीच्या पेशीच बनवतात, पण याची गंमत अशी की चरबी वाढली की हे कमी होतं. बाकीचे बहुतेक हार्मोन चरबीबरोबर वाढतात, हे उलटं चालतं. रक्तात ते असतंही भरपूर, लेप्टिन नॅनोग्रॅममध्ये मोजतात तर हे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपटीचा हिशोब. इन्सुलिनचं काम सोपं करतं, सूज कमी ठेवतं, म्हणून त्याला सगळे चांगलं हार्मोन म्हणतात आणि तुमच्या रिपोर्टवर छापलेलं वाक्य तिथूनच आलंय. चाळिशीतल्या, पोट सुटलेल्या माणसाचं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी आलं तर तो वाईट इशारा, हे बरोबरच आहे.

पण म्हातारपणी हे गणित फिरतं. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या लोकांचा कार्डिओव्हॅस्क्युलर हेल्थ स्टडी म्हणून मोठा अभ्यास आहे, त्यातून २०१५ साली असं पुढे आलं की ज्यांचं अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त त्यांना पुढे एएफ जास्त झालं. कमी नाही, जास्त! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही परत वर जाऊन बघितलं की वाक्य उलटं छापलंय का. अमेरिकेतल्याच फ्रामिंगहॅम गावच्या मोठ्या अभ्यासात तर अ‍ॅडिपोनेक्टिनचा आणि एएफचा धड संबंधच दिसला नव्हता. मग हे काय गौडबंगाल? एक कारण बऱ्यापैकी पटतं. हृदयावर ताण आला, कप्पे ताणले गेले की हृदय स्वतःच एक हार्मोन सोडतं, एनटी-प्रोबीएनपी ही टेस्ट तुम्ही ऐकली असेल, ती त्याचीच. हे हार्मोन चरबीला सांगतं, अ‍ॅडिपोनेक्टिन बनव. म्हणजे म्हाताऱ्या माणसात आकडा वर दिसतो तो कधीकधी हृदय तक्रार करतंय म्हणून. तुम्ही सातारचे, माण-खटावकडे टँकरच्या खेपा वाढल्या म्हणजे पाणी मुबलक झालं असं म्हणाल का? शिवाय आजारपणात वजन उतरलं तरी हा आकडा वर जातो.

आणि तुमच्या पत्रात मला खरं खटकलं ते शेवटचं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. वर्षभरात अजून उतरलेत. ७१ वर्षांचा माणूस, एएफ आणि वजन कमी होतंय, यात आधी थायरॉइड बघायचा. थायरॉइड जास्त चालला की माणूस वाळतोही आणि ठोकेही बिघडतात, म्हाताऱ्यांत हात थरथरणं, घाम असली बाकीची लक्षणं कधीकधी दिसतच नाहीत. टीएसएच झालीय का? त्या मोठ्या पॅकेजमध्ये असेलही, पानं उलटून बघा. नसेल तर उद्याच करा, टूडी एको झाला नसेल तर तोही, आणि सगळे कागद घेऊन गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडेच जा. भावाला सोबत न्या.

प्रश्न (पिंपरी-चिंचवड): मी ४३ वर्षांचा, आयटीत. उंची ५ फूट ७ इंच, वजन ६७ किलो. मनगटावरच्या घड्याळाने दोनदा अनियमित ठोके असं दाखवलं. ऑफिसात सगळे हसतात की तू बारीक, तुला काय चरबीचा आजार. पोट थोडं आहे, हातपाय काडीसारखे. चरबीच्या हार्मोनच्या टेस्ट करू का?

उत्तर: हातपाय काडी आणि पोट थोडं, हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि माझ्या डोळ्यांसमोर एक फोटो आला. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला, दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, एक आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! कागदावर दोघंही बारीक. याज्ञिक यांच्याच टीमने पुण्याजवळच्या गावांतली बाळं मोजली होती, ती जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ ची, पण आपल्या बाळांत कमी पडले होते ते स्नायू, चरबी बऱ्यापैकी शाबूत होती. म्हणजे हे आपल्याकडे पाळण्यातूनच सुरू होतं. ते काम मुख्यतः डायबेटिससाठी झालंय, एएफसाठी नाही, पण चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, हे हृदयालाही लागू पडतं, पुढच्या उत्तरात येईलच.

तेव्हा वजनकाटा सोडा, टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, शर्ट वर करून, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांना ८० च्या वर म्हणजे जास्त. पॅन्टचा साइज सांगू नका हां, दवाखान्यात दहातले आठ पुरुष बत्तीस-बत्तीस करत येतात आणि टेप लावला की ३८ निघतात, कारण पॅन्ट पोटाच्या खाली बांधलेली असते.

हार्मोनच्या टेस्ट करू नका. कमी आलं तरी मी कंबर कमी करा म्हणणार आणि नॉर्मल आलं तरी तेच, मग पैसे कशाला घालवता. घड्याळाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यात ईसीजी काढायची सोय असेल तर पुढच्या वेळी ३० सेकंदांची पट्टी काढून ठेवा, नसेल तर सरळ होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके टिपणारं छोटं यंत्र, लावा. बऱ्याचदा नुसते एखाददुसरे जादा ठोके निघतात आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. आणि दोन गोष्टी खरं खरं सांगा, मला नाही, तुमच्या डॉक्टरला: शनिवारी रात्री किती पिता, आणि झोपेत घोरता का. दुसऱ्याचं उत्तर बायकोला विचारा, तुम्हाला ते माहीत असणं शक्य नाही.

प्रश्न (नाशिक): मी जीवशास्त्राची शिक्षिका. चरबीतला हार्मोन रक्तात गेला इथपर्यंत समजलं. पण त्याने ठोक्याचा ताल कसा बिघडेल? ताल तर विजेवर चालतो ना?

उत्तर: मॅडम, असा प्रश्न आला की लिहायला मजा येते. मटणवाल्याकडे जाऊन बकऱ्याचं दिल मागा, आणि त्याला सांगा साफ करू नको, आहे तसं दे. ताटलीत ठेवून बघा, वरच्या बाजूला खोबणींमधून पांढरी-पिवळट चरबी बसलेली दिसेल. नखाने सोलायला जा, सुटी निघत नाही, खालच्या मांसाला चिकटूनच येते. माणसाच्या हृदयावरही अशीच चरबी असते आणि महत्त्वाची गोष्ट ही की तिच्यात आणि हृदयाच्या स्नायूत मधे पडदाच नाही. रक्तपुरवठाही दोघांना एकच. पोटाच्या चरबीला निरोप रक्तातून लांबून धाडावा लागतो, हिला नुसतं भिंतीपलीकडे बोलायचंय, आणि भिंतही नाही.

२०१५ साली पॅरिसच्या संशोधकांनी काय केलं, ऑपरेशनच्या वेळी माणसांच्या हृदयावरची चरबी थोडी घेतली, ती द्रवात ठेवली, तिच्यातून जे पाझरलं ते उंदराच्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, स्नायूवर टाकलं. काही दिवसांत त्या स्नायूत तंतू वाढले, फायब्रोसिस. कातडीखालच्या चरबीचं पाझरलेलं टाकलं तर तसं झालं नाही. त्यात दोषी सापडलं ते अ‍ॅक्टिव्हिन ए नावाचं प्रथिन. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला मेंढ्यांना खाऊ घालून लठ्ठ केलं तर त्यांच्या कर्णिकेच्या स्नायूत चरबी चक्क आत घुसलेली दिसली.

आता तुमची वीज. नाशिकला पाटाचं पाणी मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही. पाट स्वच्छ असला की पाणी सरळ जातं, मधे गवत माजलं, दगड आले की पाणी थबकतं, बाजूने वळसा घालतं, भोवरे होतात. कर्णिकेत तंतू आणि चरबी शिरली की विजेची लाट तशीच कुठे अडते, कुठे वळून परत मागे येते, आणि असे पाच-सहा भोवरे एकदम फिरायला लागले की तेच फिब्रिलेशन. म्हणजे हार्मोन थेट वीज बिघडवतो असं मुख्यतः नसून तो पाट बिघडवतो, ते काम वर्षानुवर्षं चालतं.

रक्तातल्या हार्मोनपैकी लेप्टिन सगळ्यांना माहीत असतो. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने तो शोधला, नाव ग्रीक शब्दावरून, लेप्टॉस म्हणजे बारीक. काम मेंदूला सांगणं की पुरेसं साठलंय, आता जेवण आवर. पण तो जास्त झाला की सिंपथेटिक नर्व्ह (अंगाला धावपळीसाठी तयार करणाऱ्या नसा) चेतवतो, बीपी वाढवतो, आणि बीपी हे एएफचं मोठं कारण. २०१३ साली जपानमधल्या संशोधकांनी जन्मतःच लेप्टिन नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन हे बीपी वाढवणारं हार्मोन दिलं, तर साध्या उंदरांना जेवढं झालं तेवढं कर्णिकेचं फायब्रोसिस त्यांना झालं नाही. माणसांत मात्र नुसत्या लेप्टिनच्या आकड्यावरून कोणाला एएफ होणार हे ओळखता येत नाही. सातारच्या उत्तरातला अ‍ॅडिपोनेक्टिन आणि हा लेप्टिन, त्यानंतरचा तिसरा रेझिस्टिन, २००१ सालचा. हा उंदरात चरबीच्या पेशी बनवतात, माणसात मुख्यतः मॅक्रोफेज, म्हणजे सुजेच्या जागी गोळा होणाऱ्या पेशी. फ्रामिंगहॅमच्या अभ्यासात रेझिस्टिन जास्त असलेल्यांना एएफ जास्त झालं, पण सीआरपीचा, म्हणजे रक्तातल्या सुजेच्या खुणेचा, हिशोब धरल्यावर तो संबंध फिका पडला, यावरून मला वाटतं की रेझिस्टिन हा सुजेचाच एक निरोप्या आहे, स्वतः आग लावणारा नव्हे. वर्गात हे तिन्ही फळ्यावर लिहा आणि विचारा, यातला चरबी वाढल्यावर कमी होणारा कोणता? (सातारच्या ताईंचं उत्तर वाचलेल्या मुलाला अर्धा मार्क जादा.)

प्रश्न (जळगाव): लेप्टिन वाढवणारी कॅप्सूल ऑनलाइन मिळते, महिन्यात पोट जातं आणि हार्टबीट नॉर्मल होतात म्हणे. घेऊ का?

उत्तर: नको. लेप्टिन हे प्रथिन आहे, तोंडाने घेतलं तर वरण-भातातल्या प्रथिनासारखं पचून जाईल, इन्सुलिनची गोळी का नसते तसंच. आणि पोट सुटलेल्या माणसात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू ते ऐकायचं सोडून देतो हा घोळ आहे. मेट्रेलेप्टिन नावाचं खरं इंजेक्शन असतं, पण ते ज्यांच्या अंगात चरबीच नाही अशा अगदी दुर्मिळ आजारासाठी. ते पैसे चांगल्या चपलांवर घाला आणि चाला.

प्रश्न (मेलबर्न): नवरा ५८ वर्षांचा, वजन १०४ किलो, एएफ येतं-जातं. इथल्या डॉक्टरने सांगितलं अ‍ॅब्लेशन करू पण आधी १० टक्के वजन उतरवा. आम्हाला वाटतं हे टाळाटाळ करतायत. भारतात येऊन लगेच करून घ्यावं का?

उत्तर: टाळाटाळ नाही हो, उलट हा धडा तुमच्याच देशात गिरवला गेलाय. अ‍ॅडलेडच्या लेगसी अभ्यासात ३५५ एएफचे पेशंट होते, सगळे वजनदार. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं त्यांच्यातले साधारण ४५ टक्के लोक औषध किंवा अ‍ॅब्लेशन न लागता एएफमधून मोकळे राहिले, आणि ज्यांचं ३ टक्केही उतरलं नाही त्यांच्यात हाच आकडा १३ टक्क्यांच्या आसपास. अ‍ॅब्लेशनमध्ये मांडीतून तार घालून कप्प्यातले बिघडलेले भाग डागतात, पण पाटात रोज नवीन गवत उगवतंय आणि तुम्ही एकदाच कापून आलात तर किती दिवस पुरणार? बीएमआयचा एक आकडा वाढला की एएफचा धोका साधारण ४ टक्के वाढतो, हे फ्रामिंगहॅमवाल्यांनी २००४ सालीच मांडलं होतं, आणि पुढे जनुकांवरून केलेल्या अभ्यासातही वजन हे खरोखरचं कारण आहे असंच दिसलं.

एक धोका आधीच सांगते. त्याच अभ्यासात ज्यांचं वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली होत राहिलं त्यांचा फायदा बराचसा गेला. आणि वर-खाली का होतं तर इथेच तो लेप्टिन येतो: वजन उतरलं की लेप्टिन पडतो, मेंदूला वाटतं दुष्काळ आला, भूक खवळते, आणि माणूस म्हणतो माझी इच्छाशक्ती कमी. इच्छाशक्ती नाही, हार्मोन आहे तो. म्हणून तीन महिन्यांत १५ किलोचा पराक्रम नको, वर्षभरात १० किलो ४०० ग्रॅम, म्हणजे १०४ चे १० टक्के, आणि ते टिकवायचं. दिवाळीला इकडे याल तेव्हा सासूबाई दोन डबे चकल्या बांधून देतील, एक डबा शेजाऱ्यांना. तोपर्यंत बीपी, घोरणं आणि बिअर या तिन्हीकडे बघा, आणि रक्त पातळ करायची गोळी दिली असेल तर ती चालूच. मधेच धाप लागली, चक्कर आली किंवा ठोके सतत १२० च्या वर राहिले तर मात्र १० टक्क्यांची वाट बघत बसू नका, त्याच डॉक्टरला गाठा.

प्रश्न (रत्नागिरी): मी ६६ वर्षांची. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप आखडली, पाच वर्षं एएफ आहे, रक्त पातळ करायची गोळी अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. मी तर अगदी सडपातळ. माझ्यात हा चरबीचा हार्मोन कुठून आला? आणि शेजारीण म्हणते नवीन गोळी घे, ती घेतली की रक्त तपासावं लागत नाही. घरच्या घरी नाडी कशी बघायची तेही सांगा.

उत्तर: मावशी, तुमच्यात तो आलाच नाही. तुमचा एएफ झडपेचा, आखडलेल्या झडपेमागे वरचा कप्पा वर्षानुवर्षं फुगत गेला, त्याचा. आपल्याकडे अजून असे पुष्कळ पेशंट आहेत, म्हणून चरबीचं सगळं वर्णन सरसकट सगळ्यांना लावू नये. शेजारणीची गोळी तिला लागू पडत असेल, तुम्हाला नाही. सांध्यांच्या तापाने झडप आखडलेल्या एएफमध्ये नवी गोळी आणि जुनी गोळी यांची तुलना २०२२ साली छापून आली, त्यात जुन्या पद्धतीची गोळीच सरस ठरली. तेव्हा अ‍ॅसिट्रॉमच, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये, वेळच्या वेळी रक्त तपासून. पालेभाजी बंद करू नका, फक्त या आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नका.

नाडी अशी बघा. पाच मिनिटं बसा, डावा तळहात वर करून मांडीवर ठेवा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर उजव्या हाताची मधली तीन बोटं हलकी टेकवा. अंगठ्याने बघू नका, अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते. घड्याळ समोर ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एएफमध्ये हमखास चुकतं. साधा एखादा जादा ठोका असला तर लेझमीत एखादीचा हात चुकतो आणि लगेच परत तालात येतो तसं वाटतं. एएफ म्हणजे पाऊस नुकता सुरू होताना पत्र्यावर पडणारे थेंब, एक मोठा, दोन बारीक, मधेच थांबला, परत तीन, कशाचा कशाला मेळ नाही. तुम्हाला तशीच लागेल, घाबरायचं नाही, तुमची नेहमीचीच आहे, फक्त आकडा वहीत लिहा आणि बसल्या जागी ११० च्या वर जायला लागला तर फोन करा. मग मालकांची बघा, धाकट्या दिराची बघा. त्यांच्यापैकी कोणाची अशी थेंबांसारखी लागली तर त्याच क्षणी ईसीजी काढायला पाठवा, चहा पिऊन बरं वाटल्यावर नको, कारण सुरुवातीला हे येऊन निघूनही जातं आणि मग कागदावर काहीच सापडत नाही.